टर्बो पेट्रोल गाडीत जास्त क्षमतेचा फ्युएल पंप घरी बसवायचा आहे: कोणता घ्यावा, काय सांभाळावं?

बूस्टगेज:
नमस्कार मंडळी. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन. पंप टाकीत, दाब ठरवणारा रेग्युलेटर इंजेक्टर रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या सामाईक नळीच्या) टोकाला आणि तिथून टाकीकडे परतीची नळी. बेस प्रेशर, म्हणजे बूस्ट नसतानाचा पेट्रोलचा दाब, ३ बार; बूस्ट चढतो तेवढाच तोही चढतो. इंजेक्टर मिनिटाला ५५० सीसीचे. बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) १.२ बार, २५० एचपीपर्यंत जायचं आहे.

अडचण अशी: फुल थ्रॉटलला ५२०० आरपीएमपर्यंत रेलवर ४.२ बार मिळतात, त्यापुढे काटा खाली येत येत ३.५ वर जातो आणि एएफआर (हवा-इंधनाचं प्रमाण) ११.८ वरून १२.९ होतो. तिथे पाय काढून घेतो. पंप मूळचाच आहे. फिल्टर नवा आहे.

तासाला २५५ लिटरचा घ्यावा की सरळ ४५० चा? मागच्या सीटखाली झाकण आहे, म्हणजे टाकी उतरवावी लागणार नाही. घरी करताना कुठे चुकायला होतं तेही सांगा.

पाना१३:
पाय काढून घेताय ते योग्यच. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) जाऊन नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट) सुरू झालं की पिस्टनला फार वेळ लागत नाही. पंप बदलेपर्यंत बूस्ट ०.७ च्या वर नेऊ नका.

आधी हिशेब करू. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर एचपीमागे तासाला साधारण ०.२७ किलो इंधन धरतात. २५० एचपीला ६७.५ किलो. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर ९१ लिटर. वर वीस टक्के हात राखून ठेवा, म्हणजे तासाला ११० लिटर. इंजेक्टरचंही यातच कळतं: ९१ लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे १५२० सीसी, चौघांत वाटले की प्रत्येकी ३८०. ५५० चा इंजेक्टर ७० टक्क्यांच्या आत काम करतोय. तिथे काही कमी नाही.

पण हे ११० लिटर ४.२ बारवर मिळायला हवेत. पंपाच्या खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा ३ बारच्या आसपासचा आणि १३.५ व्होल्टचा असतो. दाब वाढला की प्रवाह कमी होतो. मूळचा पंप ३ बारवर जेवढ्यास तेवढा पुरतो, म्हणूनच तुमचा काटा ५२०० नंतर खाली येतो. २५५ चा पंप ४.२ बारला खाली उतरूनसुद्धा तुमच्या ११० च्या बराच वर राहतो. ४५० ची गरज नाही.

आणि पंप मागवण्याआधी एक माप घ्या. चालू पंपाच्या कनेक्टरवर, गाडी लोडवर असताना, किती व्होल्ट पोचतात? बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११.५ असतील तर नवा पंपसुद्धा तिथेच उपाशी राहील. १३.५ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर त्याच पंपाचा प्रवाह १५ ते २० टक्क्यांनी घसरतो.

रेलप्रेशर:
मी ४५० च्या बाजूने. पुढे मोठा टर्बो टाकला किंवा जास्त इथेनॉलचं इंधन वापरायचं ठरलं तर परत टाकी उघडावी लागू नये. ई८५ ला (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलच्या इंधनाला) तीसेक टक्के जास्त इंधन लागतं, तेव्हा हा हिशेब लगेच बदलतो.

पाना१३:
ई८५ वापरणार हे ठरलेलं असेल तर मान्य. नाहीतर ४५० ने तीन नवी कामं वाढतात. वालब्रोच्या ४५० चा खालचा भाग ५० मिलिमीटरचा आहे, वरचा ३९. बहुतेक मॉड्यूलची (टाकीत पंप धरून ठेवणाऱ्या सांगाड्याची) खोबण ३९ च्या पंपासाठी असते, म्हणजे प्लास्टिक कापणं आलं. करंट पंधरा अँपिअरच्या घरात जातो, टाकीच्या झाकणातल्या मूळच्या पिना तेवढ्यासाठी नसतात, त्या तापून भोवतालचं प्लास्टिक वितळवतात. आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) इंजिन तासाला लिटर-दीड लिटर पितं, बाकीचं सगळं परतीच्या नळीतून मागे जायचं असतं. ती नळी २५५ लाच कशीबशी पुरते.

बूस्टगेज:
मापलं. सहप्रवाशाच्या हातात मल्टिमीटर, कनेक्टरला मागून सुया लावून. बॅटरीवर १३.९, पंपावर लोडमध्ये ११.५. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेतच जातायत. वायर मूळची, दीड चौरस मिलिमीटरची वाटते.

बारा_व्होल्ट:
२.४ फार आहे, आणि त्याचा दोष एकट्या वायरला देता येणार नाही. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे १२ मिलिओहम रोध असतो. पाच मीटरला ६०. मूळचा पंप ६ अँपिअर ओढत असेल तर वायरीत ०.३६ व्होल्ट जातात, बस. उरलेले दोन व्होल्ट जोडावर जातायत: रिलेचा जळका कॉन्टॅक्ट, सैल पिन, नाहीतर गंजलेली अर्थ.

शोधायची पद्धत सोपी आहे. पंप चालू असताना मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी पंपाच्या निगेटिव्ह पिनवर. ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. मग बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि पंपाचा पॉझिटिव्ह, तिथे मधले टप्पे एकेक करून मोजा: फ्यूजच्या आधी, फ्यूजनंतर, रिलेनंतर. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. अर्थचा बोल्ट काढून रिंग टर्मिनलच्या खाली पाहा. रंगाचा थर किंवा तपकिरी भुकटी असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही.

एवढं करूनही नव्या पंपासाठी वेगळी लाइन ओढा. ४ चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून मागे. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज, त्याच्यापलीकडे नाही, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे पत्र्याला घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. २५५ साठी १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, ४५० ला २५ लागेल. ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले: ३० नंबरच्या पिनवर बॅटरीची लाइन, ८७ वरून पंप, ८५ अर्थला आणि ८६ वर पंपाची मूळची पॉझिटिव्ह वायर.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्या. मूळची वायर आता पंप चालवत नाही, फक्त रिले ओढते. त्यामुळे इंजिन बंद पडलं किंवा अपघातात ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) पंप तोडला तर नवा पंपही तोडला जातो. कोणी ८६ ला इग्निशनची कुठलीही वायर देतात. मग गाडी उलटली, नळी फुटली, तरी चावी चालू असेपर्यंत पंप पेट्रोल ओतत राहतो. असं कधीही करू नका.

अर्थही त्याच जाडीची, टाकीजवळच्या पत्र्याला. ४ चौरस मिलिमीटरला मीटरमागे साडेचार मिलिओहमच्या आसपास रोध आहे. पाच मीटर आणि ८ अँपिअरला ०.२ व्होल्टच जातील. जाड वायर ओढून तिला बारीक अर्थ दिली तर केलेलं काम तिथेच अडकतं.

बूस्टगेज:
अर्थ सापडली, रिंगखाली पूर्ण गंज. साफ केल्यावर आणि रिलेची लाइन ओढल्यावर पंपावर १३.४ आले. प्रेशर आता ४.२ वरून ३.९ पर्यंतच पडतं. सुधारणा मोठी आहे, पण २५० ला पुरणार नाही असं दिसतं. २५५ चा मागवला आहे. आता काढण्या-बसवण्याबद्दल सांगा.

टाकीझाकण:
आधी जागा. गाडी उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये नाही आणि खड्ड्यावर तर मुळीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्का झालं की ठिणगी पुरते, आणि पेट्रोल उणे ४० अंशांनाही पेटण्याजोगी वाफ सोडतं, म्हणजे थंडी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताच्या अंतरावर. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर कामाची नाही. उजेडासाठी बंद एलईडी टॉर्च; फिलामेंटचा बल्ब पडून फुटला तर तोच काडी ओढतो. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा. फोन खिशात नको. शेजारी वॉटर हीटर, फ्रीज, वेल्डिंग काही चालू नसल्याची खात्री करा.

टाकीत पाव भरेल एवढंच किंवा त्याहून कमी पेट्रोल असताना काम काढा. भरलेल्या टाकीतून मॉड्यूल उचललं की पेट्रोल सीटखाली सांडतं.

दाब उतरवायला गाडी आयडलवर ठेवून पंपाचा फ्यूज काढा. गाडी आपोआप बंद पडेल, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. इंजेक्टर रेलमधला दाब संपतो. नंतर बॅटरीचा निगेटिव्ह काढा. तुमची वेगळी लाइन आहे, तिचाही फ्यूज काढा. (थेट इंजेक्शनच्या गाडीवाल्यांनी हे वाचून उच्च दाबाच्या बाजूला हात लावू नये. तिथे २०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो, टाकीतल्या पंपाचा त्याच्याशी संबंध फक्त पुरवठ्यापुरता.)

सीटखालचं झाकण उघडलं की आत धूळ, वाळू, पानं सापडतील. ब्रशने आणि फुंकणीने ती आत्ताच काढा, टाकी बंद असतानाच. लॉक रिंग सैल केल्यानंतर व्हॅक्यूम क्लीनर जवळही आणू नका, त्याच्या मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात आणि ती वाफ सरळ त्यांच्यावर ओढते. नळ्या काढण्याआधी मोबाइलने फोटो घ्यायचा तर याच टप्प्याला, मग फोन लांब. पुरवठा आणि परतीची नळी उलटसुलट होऊ नये म्हणून रंगीत टेप लावा. क्विक कनेक्टरखाली कापड धरा, थोडं पेट्रोल येतंच.

मॉड्यूल आणि टाकी यांवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. बसवताना रेघ जुळली की फ्लोटचा (इंधनाची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या तुकड्याचा) हात मूळच्या जागी फिरतो. नाहीतर तो टाकीच्या भिंतीला टेकतो, आणि टाकी भरूनही काटा अर्ध्यावर राहतो.

लॉक रिंग पितळी किंवा लाकडी ठोकणीने फिरवा. लोखंडाची छिन्नी आणि हातोडा ही जोडी इथे चालत नाही. अजून चांगलं म्हणजे पट्ट्याचा किंवा रिंगच्या दातांत बसणारा पाना. प्लास्टिकची रिंग जुनी असेल तर तडकते, नवी हाताशी ठेवा.

मॉड्यूल सरळ वर ओढू नका. थोडं वर घ्या, तिरकं करा, फ्लोटचा हात आणि खालची गाळणी टाकीच्या कडेला न अडकवता बाहेर काढा. फ्लोटची तार जराशी वाकली तरी इंधनाचा काटा कायमचा खोटा बोलतो. मॉड्यूलच्या भांड्यात पेट्रोल उरलेलं असतं, ते धातूच्या डब्यात ओता. टाकीचं तोंड कापडाने नाही, स्वच्छ झाकणाने झाका.

पाना१३:
आतल्या कामाचं मी सांगतो, कारण पंप सहा महिने चांगला चालतो आणि नंतर प्रेशर पडू लागतं, त्यामागे बहुतेक वेळा ही नळीच असते.

पंपापासून मॉड्यूलच्या वरच्या टोकापर्यंत जी नळी असते ती पेट्रोलमध्ये बुडालेली असते, आतून आणि बाहेरून. यासाठी एसएई ३०आर१० दर्जाचीच नळी घ्या. दुकानदार ३०आर७ किंवा ३०आर९ देईल. त्या इंजिनखान्यासाठी आहेत. टाकीत बुडवल्या की बाहेरचा थर फुगतो, मऊ पडतो, शेवटी चिरतो. मग दाब टाकीतच निसटतो, बाहेर एक थेंब दिसत नाही, आणि माणूस पंपाला दोष देतो. क्लॅम्प इंजेक्शनच्या नळीचा, गुळगुळीत पट्टीचा, नट-बोल्टने आवळणारा. खाचा असलेला साधा स्क्रू क्लॅम्प रबरात चावतो. मूळची नळी नायलॉनची कोरुगेटेड असेल तर ती गरम पाण्यात मऊ करून नवीच बसवावी लागते.

मॉड्यूलच्या आतल्या वायरी बघा. नेहमीच्या पीव्हीसीचं आवरण पेट्रोलमध्ये कडक होऊन तुटतं, तेव्हा पंपासोबत आलेली किंवा टेफ्लॉन आवरणाचीच वायर. जोड क्रिंप करा. सैल क्रिंप केलेली पिन ओढून पाहा. हाताने सुटली तर ती सुटणारच होती. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटलं तर पंप आवाज करतो, फिरतो, पण दाब येत नाही. खात्रीसाठी पंप कोरडा चालवू नका, तो पेट्रोलनेच थंड होतो आणि पेट्रोलनेच ओला राहतो.

गाळणी नवी. नव्या पंपाचं तोंड मूळच्यासारखं मध्यावर आहे की एका बाजूला, हे बघून गाळणी घ्या. ती मॉड्यूलच्या भांड्याच्या तळाला सपाट टेकली पाहिजे, दुमडली तर पाव टाकीवर वळण घेताना पंप हवा ओढतो. गाळणीला अडकवणारी धातूची चकती नीट दाबा.

पंपाच्या अंगावरचं मूळचं रबर परत लावा. पंप प्लास्टिकला थेट टेकला की सीटखालून सतत घुंईं आवाज येतो. जास्त क्षमतेचा पंप मूळच्यापेक्षा थोडा जास्त ऐकू येतोच, तेवढा गृहीत धरा.

आणि मॉड्यूलमधली जेट पंपाची नळी विसरू नका. दोन पोटांच्या टाकीत तीच एका बाजूचं पेट्रोल दुसऱ्या बाजूला आणते, एका पोटाच्या टाकीत ती भांडं भरलेलं ठेवते. कोणी ती जागा करायला काढून टाकतात. मग अर्धी टाकी दिसत असूनही गाडी वळणात चुकते.

ओ-रिंग नवीच हवी. जुनी टाकीबाहेर काढली की वाफेने फुगलेली असते, बोटांत धरून पाहा, मूळच्या खोबणीपेक्षा ती एवढी मोठी दिसते की बसवताच येत नाही, आणि जबरदस्तीने बसवली तर एका ठिकाणी वळते. तिथून वास येतो. नवी रिंग बसवताना स्वच्छ पेट्रोलचा हात लावा, पेट्रोलियम ग्रीस नको.

बूस्टगेज:
बसवला. फोटो, रेघ, नवी ओ-रिंग, ३०आर१० नळी, सगळं. चावी चार वेळा चालू-बंद करून प्राइम केलं, गळती नाही. गाडी चालते. ५२०० च्या पुढेही ४.२ बार स्थिर आहेत, एएफआर ११.७.

पण आता आयडलला नवं दिसतंय. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की ३.० ऐवजी ३.५ बार दिसतात. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करतं ती कायमची दुरुस्ती) उणे ८ टक्के. एक्झॉस्टला पेट्रोलचा वास. रेग्युलेटर बिघडला का?

बारा_व्होल्ट:
उणे ८ चा खुलासा दाबातच आहे. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३.५ भागिले ३.० चं वर्गमूळ १.०८. म्हणजे ८ टक्के जास्त पेट्रोल, ते ईसीयू कापतंय. इंजेक्टर आणि सेन्सर खरं सांगतायत, दाबच जास्त आहे.

पाना१३:
रेग्युलेटर बिघडला नसावा, तो भरून वाहतोय. आयडलला जवळपास सगळं इंधन मागे जायचं आहे आणि आता ते आधीच्या दुपटीहून जास्त आहे. ते सामावण्याएवढी वाट नसली की दाब चढतो. ही वाट तीन ठिकाणी अडते: रेग्युलेटरच्या बसण्याचं छिद्र, परतीची नळी, आणि टाकीतला जेट पंप. शेवटचा कोणी बघत नाही. परतीच्या प्रवाहावरच चालणारा जेट असेल तर त्याचं नोझल बारीक असतं.

ओळखण्यासाठी रेग्युलेटरनंतरची परतीची नळी सोडा आणि तिथून मोठी नळी धातूच्या मंजूर कॅनमध्ये, इंजिनाच्या गरम भागांपासून लांब, पेट्रोलच्या सगळ्या काळज्या घेऊन. इंजिन सुरू न करता पंप रिलेने काही सेकंद चालवा, एकाने गेज बघायचं आणि दुसऱ्याने कॅन धरायचा. दाब ३.० ला आला तर अडथळा मागच्या वाटेत. ३.५ वरच राहिला तर रेग्युलेटर लहान.

रेग्युलेटर लहान असेल तर मोठ्या छिद्राचा, बूस्टला एकास एक दाब वाढवणारा घ्या. परतीची नळी बारीक असेल तर आतून ८ ते ९ मिलिमीटरची. जेट अडवत असेल तर त्याचं छिद्र ड्रिलने वाढवू नका, त्याने जेटचा ओढाच मरतो. परतीला एक वेगळी फांदी काढून ती सरळ भांड्यात सोडा आणि जेटला त्याचा वाटा राहू द्या.

रेलप्रेशर:
आणखी एक पर्याय: पंपाला वेग-नियंत्रक लावायचा, आयडलला आणि हलक्या लोडला वेग कमी आणि बूस्ट आला की पूर्ण. आवाजही कमी होतो आणि टाकीतलं पेट्रोल फिरून फिरून गरम होणं टळतं. पण नियंत्रक चालू होण्यात उशीर झाला तर बूस्ट येताना काही क्षण दाब कमी मिळतो. म्हणून त्याचा बूस्टचा स्विच फार वर लावू नका, बूस्ट सुरू होतानाच तो चालू झाला पाहिजे.

बूस्टगेज:
कॅनची चाचणी केली. दाब ३.०५ वर आला. म्हणजे परतीची वाट. टाकीपर्यंतची नळी ६ मिलिमीटर आतून आहे आणि मागच्या चाकाजवळ एका पट्टीखाली ती चेपलेली सापडली. आधी ती बदलतो, जेटचं नंतर बघू.

पाना१३:
बरोबर क्रम आहे. नवी नळी लावल्यावर व्हॅक्यूम काढून ३.०, व्हॅक्यूम लावून आयडलला २.४ च्या आसपास, आणि १.२ बूस्टला ४.२, हे तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. ट्रिम रिसेट करून पन्नासेक किलोमीटर साधी चालवा. लाँग टर्म ±५ च्या आत आला की मगच बूस्ट वर न्या, आणि पहिल्या तीन-चार फुल थ्रॉटलला गेज व एएफआर दोन्ही लॉग करा. सीटखालचं झाकण लावण्याआधी लॉक रिंगभोवती बोट फिरवून वास घ्या, थंड गाडीला आणि एकदा गरम गाडीला.